दुसरा हात

ट्युनिशियात सफाक्सहून गाबेसकडे निघालं की मध्ये आमचं गाव लागतं. तिथल्या नगरपालिकेत मी जन्माच्या दाखल्यांच्या खिडकीवर बसते. नजीबाबाईची जीभ तिखट आहे, असं सगळे म्हणतात. असेल. सकाळपासून काचेपलीकडे शंभर माणसं डोकं खात असली, तर जीभ काय मधात बुडवून ठेवायची? पण तिखट असली तरी बाई खरं बोलते, असंही लोक म्हणायचे. त्या खऱ्या बोलण्याचंच आज सांगायचंय, आणि खमैसचं.

खमैस झवारी आमचा टेलिफोनवाला. नऊ वर्षांचा असताना तापात दोन्ही डोळे गेले. आमच्याकडे आंधळ्या पोराला शिकवलं की सरकारी कचेरीत टेलिफोनवर नेऊन बसवायचं, ही ठरलेली रीत. त्याला दुसरं काही जमेल, हे कोणाच्या मनातही येत नाही. तोही सूसच्या अंधशाळेतून निघाला तो थेट आमच्याकडे आला, आणि जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत बावीस वर्षं बसला. आंधळ्याला खिडकी कशाला, असं तेव्हाचे साहेब म्हणाले होते म्हणे. खमैस स्वतःच ही गोष्ट सांगून हसायचा आणि त्याच्याबरोबर आम्हीही हसायचो.

माणूस मोठा टापटिपीचा. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, गालाला कोलनचा वास, उन्हाळ्यात कानामागे चमेलीच्या कळ्यांचा तुरा. लग्न केलं नाही. घरी बहीण मबरूका आणि परसात जैतुनाची पाच झाडं. गावातला प्रत्येक माणूस तो एका 'हॅलो'वरून ओळखायचा. इतकंच नाही, माणूस खोटं बोलत असला तर तेही ओळखतो, अशी त्याला घमेंड होती. खोटं बोलणारा श्वास अर्ध्यावर सोडून देतो, म्हणायचा. आमच्यातला कोणी आजारी असल्याचा फोन करून समुद्रावर गेला, की खमैस मला आत येऊन सांगायचा, की बेल्गासम आज आजारी नाही, मासे भाजतोय. आणि तसंच निघायचं.

पुढे घरोघर मोबाइल आले. मग कचेरीत ते 'एक दाबा, दोन दाबा' म्हणणारं यंत्र बसवलं, आणि खमैसच्या खोलीतला फोन दिवसाला चार वेळाही वाजेना. पगार चालू होता, पण माणूस वाळत चालला. सकाळी आठला यायचा, रिसीव्हर पुसायचा, परत ठेवायचा. एकदा मला म्हणाला, की मदाम, आता मला फुलदाणीत ठेवलं तरी चालेल.

त्याच सुमारास नवी परिषद निवडून आली. तिजोरीत खडखडाट. कॉम्प्युटरमधल्या विकतच्या यंत्रणेच्या परवान्यांचे पैसे कुठून भरणार? तेव्हा ठरलं की ते विकतचं सगळं काढून फुकट, खुली यंत्रणा घालायची. त्यासाठी सफाक्सहून एक पोरगा नेमला, अनीस घर्सल्ली. सत्तावीस वर्षांचा, दाढी वाढलेली, रोज सामायिक टॅक्सीने यायचा आणि दुपारी भिंतीला टेकून हरीसा, म्हणजे लाल मिरचीची चटणी, लावलेला पाव खायचा. बोलायला लागला की थांबायचा नाही, पण कामाला वाघ. पहिली चार मशीनं त्याने नमुन्याला बसवली. त्यातलं एक खमैसच्या टेबलावर ठेवलं, कारण चुका शोधायला वेळ असलेला माणूस कचेरीत तोच एक होता.

आणि ते मशीन बोलायला लागलं. खमैस जी कळ दाबेल ती वाचून दाखवायचं, जी ओळ लिहील ती परत म्हणायचं, नाकात बोलणाऱ्या म्हातारीसारख्या आवाजात. खमैसने तिचं नाव हाज्जा ठेवलं, हज करून आलेल्या म्हातारीला म्हणतात तसं. बोलणारी विकतची यंत्रणा त्याने पूर्वी एकदा विचारून पाहिली होती, तिची किंमत ऐकून पुन्हा नाव काढलं नव्हतं. आता ती फुकटात, आत बसूनच आली होती. तीन महिन्यांत त्याने सगळ्या कळा पाठ केल्या. अनीस रोज जेवणाच्या सुट्टीत त्याच्या शेजारी बसायचा, दोघं एका पावातला अर्धा-अर्धा खायचे.

मग खमैसने स्वतःच काम काढलं. लोकांच्या तक्रारी. गटार फुटलं, दिवा गेला, भटकी कुत्री वाढली. लोक फोन करायचे, तो ऐकता ऐकता टाइप करायचा आणि दर दुपारी यादी प्रत्येक खात्याला पाठवायचा. आमच्यापैकी कोणाच्याही दुप्पट वेगाने. वर त्याला आवाज ठाऊक, त्यामुळे कोण उगाच ओरडतोय आणि कोणाच्या घरात खरंच पाणी शिरलंय, हेही लिहायचा. बावीस वर्षांत पहिल्यांदा वरच्या मजल्यावरचे लोक त्याच्या खोलीत काम घेऊन यायला लागले. त्याने दारावर पाटी लावून घेतली. 'तक्रारी. खमैस झवारी.' पाटी सरळ लागलीय ना, हे मला तीनदा विचारलं.

आता उरलेल्या मशीनांचा प्रश्न आला. अनीसने आम्हाला समजावलं, की आतली यंत्रणा एकच, पण तिचा दर्शनी भाग, ज्याला तो डेस्कटॉप म्हणायचा, तो हवा तसा निवडता येतो. इंजिन तेच, टप वेगळा. पडद्यावर बटणं कुठे, खिडक्या कशा उघडतात, सगळं त्या टपावर. असे तीन त्याने निवडून आणले होते. एकाची खूण पावलाची, एकाची उंदराची, एकाची दातेरी चक्राची. म्हणून आमच्यात त्यांची नावंच पडली, पाऊल, उंदीर आणि चक्र. खमैसचा होता पाऊल. हाज्जा त्यातच धड बोलायची. उंदरावर ती मध्येच गप्प व्हायची, आणि चक्रात तर तिची बोबडीच वळायची.

पण पाऊल जड होता आणि आमची मशीनं म्हातारी. नमुन्यातलं दुसरं मशीन माझ्या खिडकीवर होतं, म्हणून सांगते. एक दाखला काढायला चार मिनिटं. बटण कोपऱ्यात असायचं ते भलतीकडेच. पलीकडून लोक काच बडवायचे, एक बाई तर म्हणाली की तुम्ही दाखला देताय की बाळ जन्माला घालताय. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. उंदीर हलका होता, भराभर चालायचा आणि दिसायला आमच्या जुन्या ओळखीच्या पडद्यासारखा. खरं सांगते, मी त्या उंदराच्या प्रेमातच पडले होते.

अनीसचं म्हणणं सरळ होतं. ज्याला जो हवा तो द्या, एकाच मशीनवर दोन ठेवता येतात, सुरू करतानाच निवडायचा. पण आमचे मुख्य सचिव सी, म्हणजे श्रीयुत, तौहामी यांना ते पटेना. सगळ्या कचेरीचा चेहरा एकच हवा, नाहीतर हा बाजार होईल, म्हणाले. मग कोणता तो ठरवायचा कसा? मतदानाने.

इथे आमच्या लोकांची खोड सांगायला हवी. क्रांती होऊन हुकूमशाही गेल्यावर आम्हाला मतदानाचं वेडच लागलं होतं. पन्नास वर्षं कोणी काही विचारलं नव्हतं, त्याचा वचपा आम्ही सगळं मताला टाकून काढत होतो. कॉफीचं यंत्र कुठे ठेवायचं, मत. पंखा किती वाजता बंद करायचा, मत. हात वर करताना माणसाला कसं मोठं झाल्यासारखं वाटायचं. कोणत्या गोष्टीवर मत घ्यायचं नसतं, हे मात्र कोणी शिकवलं नव्हतं.

लग्नं लावायच्या दालनात आम्ही एकतीस जण जमलो. अनीसने भिंतीवर तिन्हींची मोठी चित्रं दाखवली. फोटोवाला बोलावला होता, परदेशी मदतवाल्यांना असले फोटो आवडतात. खमैस पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या सदऱ्यात. चित्रं संपल्यावर तो उभा राहिला.

"मला चित्रं दिसत नाहीत. पण एवढं विचारतो, यातलं बोलतं कोणतं?"

अनीस म्हणाला की धड बोलतो तो पहिलाच, आणि सी खमैसचं काम त्याच्यावरच चालतं, हे लक्षात घेऊन सगळ्यांनी हात वर करावा. तौहामींनी लगेच खाकरून सांगितलं की प्रचार नको, लोकशाही आहे. मग म्हणाले, "पाऊल. हात वर."

मी दुसऱ्या रांगेत होते. खमैसचा हात पहिला वर गेला, ताठ, शाळेतल्या मुलाचा जातो तसा. भिंतीपाशी उभ्या असलेल्या अनीसचा दुसरा. मी इकडेतिकडे पाहिलं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. मीही बघितलं.

"दोन," तौहामी मोठ्याने म्हणाले.

खमैसने हात खाली घेतला आणि मान थोडी तिरकी केली, तो ऐकायचा तशी. मग उंदराची पाळी आली. हात वर गेले, बाह्यांची सळसळ झाली. माझाही गेला, आणि त्याच क्षणी फोटोवाल्याने फोटो काढला. सव्वीस. चक्राला तीन. टाळ्या झाल्या, बदामाचं सरबत आलं.

मी सरबत न घेता निघाले, तर दारात खमैस काठी टेकून उभा. माझ्या बुटांच्या टाचा त्याला ठाऊक होत्या.

"मदाम नजीबा, दोन हात होते. एक माझा. दुसरा कोणाचा? तुम्ही तोंडावर बोलता, म्हणून तुम्हाला विचारतो."

"माझा," मी म्हटलं.

का म्हटलं, ते आजही मला नीट सांगता यायचं नाही. खरं सांगायला एक शब्द पुरला असता, 'अनीसचा'. पण मग पुढचा प्रश्न आला असता, आणि तुमचा? त्या प्रश्नाच्या आधीच मी पळ काढला. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून तर मला जागच्या जागी गाडून घ्यावंसं वाटलं. त्याने माझा हात शोधून दोन्ही हातांत धरला आणि जिना उतरून गेला.

पुढच्या आठवड्यात उंदीर सगळीकडे बसला. माझी रांग निम्मी झाली. खमैसच्या खोलीत हाज्जा एक ओळ वाचायची आणि अर्ध्यात गप्प व्हायची. तो कळा दाबत राहायचा, मशीन आत काय करतंय ते कळायचं नाही. तीन तक्रारी भलत्याच खात्यात गेल्या, एक यादी पुसली गेली. तौहामींनी तक्रारींसाठी छापील अर्ज काढले, खोली झेरॉक्सच्या कागदांना दिली, आणि खमैसला मुख्य दाराशी खुर्ची दिली. काम काय, तर येणाऱ्याला वाट सांगायची. दाखले डावीकडे, बांधकाम वर. आंधळ्या माणसाला वाट दाखवायला बसवलं, आणि यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. त्याच्या डोक्यावरच मतदानाचा तो फोटो चौकटीत लावला. फोटोत दुसऱ्या रांगेत मी, हात वर, तोंड उघडं. येणारा-जाणारा बघत होता, खाली बसलेला सोडून.

डिसेंबरात माझ्या खिडकीवर नव्या तेलाची बाटली आली. त्याच्या पाच झाडांचं, पहिल्या घाण्याचं, हिरवंगार, घशाला चटका देणारं. मदाम नजीबांना, एकट्या मतासाठी, असं मबरूकाने कागदावर लिहिलं होतं. मी ते तेल घरी नेलं आणि खाल्लं. आणखी काय करणार होते?

अनीसला हे काही ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच कळत होतं, की सी खमैस आता त्याच्याशी बोलत नाही, पाव घेत नाही, हाक मारली तर मान फिरवतो. तरी तो एक दिवस एक जुनं मशीन दुरुस्त करून दाराशी घेऊन आला. माझी खिडकी समोरच, सगळं ऐकू येत होतं. म्हणाला, की यात मी पाऊल बसवलाय, वरून उंदीर दिसेल, तौहामींना पत्ता लागणार नाही. तुम्ही सुरू करताना एक कळ दाबायची की हाज्जा हजर. तक्रारींचे अर्ज मीच तुमच्याकडे पाठवतो. पुन्हा सुरू करू.

खमैस म्हणाला, "चोरून नको. आणि तुझ्या हातून तर नकोच. तीन महिने माझ्या पावातला अर्धा खाल्लास आणि मताच्या वेळी तुझा हात खिशात."

अनीसने मशीन खाली ठेवलं. "सी खमैस, दुसरा हात माझाच होता."

खमैस हसला. फार वाईट हसला. मग माझ्या काचेकडे तोंड करून त्याने विचारलं, "मदाम, दुसरा हात कोणाचा?"

रांगेत पंधरा माणसं. समोर भिंतीवर फोटो. अनीसची नजर माझ्यावर. एका शब्दात सगळं जागच्या जागी आलं असतं. खमैसला त्याचं काम मिळालं असतं, पोराला त्याचा मित्र. गेलं असतं ते फक्त माझं, खरं बोलणारी बाई म्हणून असलेलं नाव.

"माझा," मी म्हटलं आणि शिक्का उचलला.

अनीसने फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता बोलेल, पण तो मशीन काखेत मारून निघून गेला. दुपारी माझ्या टेबलाशी आला आणि हळूच म्हणाला, की मावशी, मला काही नको, पण त्यांचं काम जाईल. त्यांना सांगा. मी उद्या सांगते म्हटलं. असे किती उद्या गेले, मोजले नाहीत. वर्षभरात तो जर्मनीला नोकरी धरून गेला. जाण्याआधी दाराशी थांबून म्हणाला की येतो, सी खमैस. खमैसने त्याला बांधकाम खात्याची वाट सांगितली.

खमैस आणखी चार वर्षं त्या खुर्चीवर बसला. सदऱ्याची इस्त्री गेली, मग चमेली गेली. शेवटी प्रकृतीचं कारण दाखवून मुदतीआधीच पेन्शन घेतली. निरोपाला लिंबाचं सरबत होतं. तेलाची बाटली मात्र दर डिसेंबरात येत राहिली.

गेल्या वसंतात आमच्याकडे नवी मशीनं आली. परिषद केव्हाच बरखास्त झाली होती, मतं विचारायचं खूळही संपलं होतं. नव्या तंत्रज्ञाने कोणालाही न विचारता सगळ्यांवर पाऊल बसवला. नव्या मशीनांना तो जड नव्हता. दोन दिवसांत आम्हा सगळ्यांना सवय झाली, जणू उंदीर कधी नव्हताच. म्हणजे ज्याच्यासाठी आम्ही एक माणूस दाराशी नेऊन बसवला, ते आम्हाला फार हवं होतं असंही नाही.

एका सकाळी मी फडक्याने कळा पुसत होते. कोणत्या तरी दोन-तीन एकदम दाबल्या गेल्या आणि मशीन बोलायला लागलं. "जन्मदाखला. नाव. वडिलांचं नाव." तोच नाकातला आवाज. मी काहीही दाबलं तरी ते वाचून दाखवायला लागलं. रांग हसायला लागली. तंत्रज्ञ सुट्टीवर. हाज्जाला गप्प कसं करायचं, हे जाणणारा गावात एकच माणूस होता. मी खमैसच्या घरी फोन लावला.

"मदाम नजीबा," माझ्या 'हॅलो'वरच तो म्हणाला. मग मागचा आवाज ऐकून एकदम थांबला. "ही हाज्जा?"

मी म्हटलं, हो, गप्प करा हिला. तो खूश होऊन मोठ्याने हसला. मग बोटांनी हवेत चाचपत सांगावं तसं सांगायला लागला. डावा अंगठा खालच्या ओळीत, खिडकीची खूण असलेली कळ, तिची शेजारीणही दाबून धरा, आणि मधल्या ओळीत डावीकडून दुसरी. घाई करू नका. पण आधी तिला थोडं बोलू द्या ना, मदाम. रिसीव्हर जरा तिच्याजवळ धरा.

मी धरला. रांगेतल्या एका मुलीचं नाव, जन्मतारीख, गाव, सगळं हाज्जाने त्याला वाचून दाखवलं.

मी रिसीव्हर परत कानाला लावला, तेव्हा तो म्हणाला, "एक सांगू? त्या आठवड्यात मला सात जणांनी येऊन सांगितलं होतं, की दुसरा हात त्यांचा. आठवा अनीस. प्रत्येक जण अर्ध्या श्वासात. तुम्ही सांगायला आला नव्हता. मी विचारलं, तेव्हा एका शब्दात सांगितलंत. आवाज ओळखायला मी चुकत नाही, मदाम. नऊ जणांतून खरी तुम्हीच निघालात."

काचेपलीकडे ती मुलगी दाखल्याची वाट बघत होती.

"ऐकताय ना?" त्याने विचारलं.

"ऐकतेय," मी म्हटलं. मग त्याने सांगितलेल्या तीन कळा दाबल्या आणि मशीन गप्प झालं.